पॉल रिव्हिअर : ऐरण, रोजवही आणि आख्यायिका

१

इंग्रजी काव्याच्या बहुतेक अभ्यासकांना पॉल रिव्हिअर हे नाव प्रथम भेटते ते हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो याच्या कथाकाव्यात. १७७५ च्या एप्रिल महिन्यातील एका रात्री घोड्यावरून दौडत जाऊन ब्रिटिश फौज निघाल्याची वर्दी गावोगाव पोहोचविणारा स्वार, एवढीच त्याची ओळख या काव्याने करून दिली. हे काव्य १८६० साली लिहिले गेले. त्या वेळी रिव्हिअरला मृत्यू येऊन बेचाळीस वर्षे लोटली होती. ज्या माणसाने त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातील साठ वर्षांहून अधिक काळ भट्टी, ऐरण आणि साचे यांच्या संगतीत घालविला, त्याची स्मृती एका रात्रीतील काही तासांपुरती उरली.

रिव्हिअर हा बॉस्टन नगरातील चांदीकाम करणारा कारागीर होता. त्या काळी तेथे असे कारागीर चांदीच घडवीत असले तरी स्वतःस सोनारच म्हणवीत. म्हणून येथेही तोच शब्द योजला आहे. त्याच्या दुकानातील १७६१ ते १७९७ या काळाच्या रोजवह्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात सुरक्षित आहेत. कोणी कोणती वस्तू घडवून घेतली, चांदी किती वजनाची लागली, घडणावळ किती झाली आणि कोरीव कामाचे वेगळे किती पडले, अशा कोरड्या नोंदी त्यांत आहेत. एकाच व्यक्तीची काव्यातील प्रतिमा आणि तिच्याच हिशेबाच्या वहीतून दिसणारी प्रतिमा यांत एवढे अंतर क्वचितच आढळते. चरित्रकाराने या दोहोंपैकी कोणत्या साधनावर भर द्यावा, हा प्रश्न भारतीय भाषांतील चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकालाही परका नाही. त्या दृष्टीने रिव्हिअरचे चरित्र येथे मुख्यतः त्याच्या धंद्याच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२

रिव्हिअर घराणे मूळचे फ्रान्समधील. पित्याचे नाव अपोलॉस रिव्ह्वार. बोर्दो शहरानजीकच्या रिओको या खेड्यात १७०२ साली त्याचा जन्म झाला. हे कुटुंब ह्यूगनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिक राजसत्तेखाली या पंथाच्या लोकांना स्वदेशात मोकळेपणाने राहणे अशक्य झाले होते, आणि अनेक कुशल कारागीर देशोधडीला लागले होते. तेरा वर्षांचा अपोलॉस असाच समुद्रापार बॉस्टनला आला आणि जॉन कोनी या नामांकित सोनाराकडे उमेदवारी करू लागला. १७२२ साली कोनी मरण पावला. तेव्हा उमेदवारीची मुदत अद्याप संपावयाची होती. उरलेल्या मुदतीचे पैसे मालकाच्या वारसांना भरून या मुलाने आपली सुटका करून घेतली. पुढे स्थानिक लोकांच्या जिभेला सोपे जावे म्हणून त्याने आपल्या नावाला इंग्रजी वळण दिले आणि तो पॉल रिव्हिअर झाला. १७२९ साली त्याने डेबोरा हिचबॉर्न हिच्याशी विवाह केला.

या दांपत्याचा हयात राहिलेला थोरला मुलगा तोच आपला चरित्रनायक. जुन्या पंचांगाप्रमाणे डिसेंबर १७३४ च्या अखेरीस त्याचा जन्म झाला. नॉर्थ रायटिंग स्कूलमध्ये लेखन-वाचन आणि हिशेब यांपुरते शिक्षण घेऊन तो पित्याच्या हाताखाली बसला. किशोरवयातच काही सोबत्यांबरोबर त्याने ख्राइस्ट चर्च या मंदिराच्या घंटा वाजविण्याचे काम लेखी करार करून पत्करले होते. हेच मंदिर पुढे ओल्ड नॉर्थ चर्च म्हणून प्रसिद्धीस आले आणि लाँगफेलोच्या काव्यातील कंदील त्याच्याच मनोऱ्यावर लागले.

१७५४ साली पिता वारला तेव्हा पॉल एकोणीस वर्षांचा होता. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला स्वतःच्या नावाने दुकान चालविता येत नव्हते. त्यामुळे मधल्या काळात धंदा नावापुरता आईच्या हाती राहिला. १७५६ साली तो तोफखान्यात दुय्यम लेफ्टनंट म्हणून लेक जॉर्जच्या मोहिमेवर गेला आणि त्याच वर्षी परतला. १७५७ मध्ये सारा ऑर्न हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिच्यापासून त्याला आठ अपत्ये झाली. १७७३ मध्ये ती वारल्यावर त्याच वर्षी त्याने रेचल वॉकर हिच्याशी दुसरा विवाह केला आणि तिच्यापासूनही आठ अपत्ये झाली. या सोळांपैकी अकरा मुले मोठी झाली. एवढा मोठा संसार दुकानाच्या मिळकतीवर चालवावयाचा होता, ही गोष्ट त्याच्या धडपडीचा विचार करताना नजरेआड करून चालणार नाही.

३

या दुकानातील कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढील चरित्र नीट उमजणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चांदीच्या खाणी नव्हत्या. मासळी, लाकूड आणि रम नावाचे मद्य वेस्ट इंडीज बेटांकडे पाठवून व्यापारी जी नाणी आणीत, ती मुख्यतः मेक्सिको व पेरू येथील खाणींच्या चांदीची स्पॅनिश नाणी असत. हीच नाणी दुसऱ्या दिशेने आशियातही येत आणि हिंदुस्थानातील टांकसाळींत वितळून रुपयांचे रूप घेत. बॉस्टनमध्ये ती सोनाराच्या मुशीत जात. गिऱ्हाईक नाणी किंवा जुनी मोडकी भांडी घेऊन येई, सोनार त्यांचे वजन करी आणि तेवढ्या चांदीचा नवा जिन्नस घडवून देई. पेढ्या नसलेल्या त्या समाजात चांदीची भांडी ही एक प्रकारची ठेवच होती. नाणे चोरीस गेले तर ओळख पटत नसे. भांड्यावर मात्र मालकाची आद्याक्षरे आणि घडविणाऱ्याचा शिक्का असे. लंडनप्रमाणे कस तपासून छाप मारणारी सरकारी व्यवस्था बॉस्टनमध्ये नव्हती. साहजिकच चांदीच्या शुद्धतेची हमी म्हणजे सोनाराचे नाव. आयताकृती चौकटीतील रिव्हिअर हा आडनावाचा ठसा ही अशीच एक हमी होती.

किटली किंवा वाडगा घडविण्याची रीत अशी होती. मुशीत वितळविलेली चांदी साच्यात ओतून तिची लगड करावयाची. ही लगड ऐरणीवर ठोकून तिचा जाडसर पत्रा काढावयाचा आणि त्यातून गोल तबकडी कातरावयाची. मग निरनिराळ्या आकारांच्या लहान ऐरणींवर ही तबकडी टेकवून, बाहेरच्या बाजूने हातोडीचे घाव एकाआड एक वर्तुळांत घालीत तिला हळूहळू भांड्याचा आकार द्यावयाचा. घावांनी चांदी कडक होते आणि तडकू लागते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तिला विस्तवात ताव देऊन नरम करावे लागे. असे ताव किती द्यावे आणि केव्हा थांबावे, हे हाताला आणि डोळ्यालाच कळे. तोटी, पाय, कडी असे भाग वेगळे ओतून डाक लावून जोडीत. तार जंत्रीच्या छिद्रांतून ओढून काढीत. शेवटी कानशीने व घोटणीने उजाळा देऊन कोरणीने नक्षी किंवा कुलचिन्ह कोरीत.

डाक देताना धातू स्वच्छ राहून सांधा धरावा म्हणून टाकणखार वापरला जाई. त्या काळी पश्चिमेकडील कारागिरांना लागणारा टाकणखार मुख्यतः तिबेटातील सरोवरांतून निघून हिंदुस्थानमार्गे युरोपात जात असे. इंग्रजीत कच्च्या टाकणखाराला असलेला टिंकल हा शब्द संस्कृत टंकण या शब्दाशी जोडला जातो. वसाहतकालीन सोनाराच्या साध्या भट्टीत दक्षिण अमेरिकेची चांदी, तिबेटचा खार आणि इंग्लंडमधून आलेली पोलादी हत्यारे एकत्र येत. वसाहतींत पोलादाच्या भट्ट्या आणि लोखंडी पत्र्याचे नवे कारखाने उभारण्यास १७५० च्या ब्रिटिश कायद्याने बंदी केली होती. तयार माल व उत्तम हत्यारे मायदेशातून यावीत आणि वसाहतींनी कच्चा माल पुरवावा, असा या कायद्यामागील हिशेब होता. या हिशेबाचा अर्थ हिंदुस्थानच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. रिव्हिअरच्या उत्तरायुष्यातील उद्योगांची दिशा याच बंधनाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

४

रोजवहीत डोकावले असता या दुकानातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंची विविधता लक्षात येते. चर्चसाठी पात्रे आणि श्रीमंतांसाठी कॉफीच्या किटल्या होत्याच. पण दुकान मुख्यतः चालत असे ते चमचे, बुटांचे बकल, गुंड्या, अंगठ्या अशा किरकोळ मालावर. एका गिऱ्हाइकाने पाळलेल्या खारीसाठी चांदीची साखळी घडवून घेतल्याचीही नोंद आहे. प्रत्येक नोंदीत चांदीचे मोल आणि घडणावळ वेगवेगळी दाखविलेली असल्यामुळे कारागिराच्या श्रमाची त्या काळची किंमत या वहीतून जशी कळते, तशी ती अन्य साधनांतून सहसा कळत नाही.

धंदा नेहमीच बरकतीत होता असे नाही. फ्रेंचांशी झालेल्या युद्धानंतर वसाहतींत मंदी आली. १७६५ साली १० पौंडांच्या देण्यापायी रिव्हिअरच्या मालमत्तेवर जप्ती येण्याची वेळ आली होती. चांदीचे काम मंदावले म्हणजे तो तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करून ठसे छापी. दुकानदारांची जाहिरातपत्रे, ग्रंथसंग्राहकांची नामपत्रे, राजकीय व्यंगचित्रे असे अनेक प्रकार त्याने हाताळले. विल्यम बिलिंग्ज या संगीतकाराच्या १७७० मधील स्तोत्रसंग्रहाचे मुखचित्रही त्याचेच. त्याच सुमारास जॉन बेकर या दंतवैद्याकडून विद्या शिकून तो खोटे दात तारेने बसविण्याचे कामही करू लागला. ज्या हातांनी तो चांदीची तार ओढी, त्याच हातांनी ती तार माणसाच्या जबड्यात बसवी. त्याचा स्नेही डॉ. जोझेफ वॉरन १७७५ साली बंकर हिलच्या लढाईत मारला गेला. पुढल्या वर्षी त्याचे शव उकरून काढण्यात आले तेव्हा रिव्हिअरने स्वतः बसविलेल्या दाताच्या तारेवरून ते ओळखले.

१७६८ साली जॉन सिंगलटन कोप्ली या चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र काढले. रिव्हिअर यापूर्वी कोप्लीसाठी लहान चित्रांच्या चौकटी घडवून देत असे. त्या काळी प्रतिष्ठित माणसे उंची पोशाखात चित्रासाठी बसत. या चित्रातील रिव्हिअर मात्र सदऱ्यावर, कोट न घालता कामाच्या मेजाशी बसला आहे. एका हातात अद्याप नक्षी न कोरलेली किटली आहे आणि समोर कोरण्या ठेवल्या आहेत. १७६७ च्या कायद्यांनी चहावर कर बसविला होता आणि त्यावरून वातावरण तापले होते. अशा वेळी चहाची किटली हातात धरलेल्या कारागिराचे हे चित्र पाहून अभ्यासकांनी अनेक अर्थ काढले आहेत. निर्विवाद गोष्ट एवढीच की या चित्रात त्याची हत्यारे त्याच्यापासून दूर केलेली नाहीत. घोडा त्यात कोठेच नाही.

५

राजकारणातही तो आपल्या धंद्यासह उतरला. १७६८ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिसभेने ब्रिटिश करांविरुद्ध इतर वसाहतींना परिपत्रक धाडले होते. ते मागे घ्यावे अशी राजाज्ञा आली असता ९२ विरुद्ध १७ मतांनी सभेने ती धुडकाविली. या ९२ सभासदांच्या गौरवार्थ सन्स ऑफ लिबर्टी या गटातील पंधरा जणांनी रिव्हिअरकडून चांदीचा एक मोठा वाडगा घडवून घेतला. त्याचे वजन ४५ औंस ठेवले आणि त्यात ४५ गिल पेय मावेल अशी योजना केली, कारण इंग्लंडमधील जॉन विल्क्स याच्या राजसत्तेवर टीका करणाऱ्या नियतकालिकाचा ४५ वा अंक त्या काळी स्वातंत्र्याची खूण मानला जात होता. वाडग्याचा घाट मात्र चिनी मातीच्या आयात भांड्यांवरून घेतलेला आहे. समुद्रापलीकडून व्यापारात आलेल्या वस्तूचा आकार, स्पॅनिश नाण्यांची धातू आणि लंडनमधील वादाचा अंक एकत्र करून बॉस्टनच्या कारागिराने आपल्या गावाच्या प्रतिकाराचे प्रतीक घडविले.

५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात बॉस्टनचे पाच नागरिक ठार झाले. या प्रसंगाचे रिव्हिअरने कोरून विकलेले चित्र सर्वत्र पसरले. परंतु ती रचना मूळची त्याची नव्हती. कोप्लीचा सावत्रभाऊ हेन्री पेलम याने काढलेल्या चित्रावरून ती घेतली होती, आणि पेलमने पत्र लिहून त्याबद्दल रिव्हिअरला कडक शब्दांत जाब विचारला. त्या काळच्या कोरीव कामाच्या धंद्यात नकला सर्रास होत, हे खरे. तरीही पेलमचे नुकसान झाले आणि कीर्ती रिव्हिअरच्या पदरी पडली, हेही तितकेच खरे. आख्यायिका पुढे त्याच्या बाबतीत जे करणार होती, त्याचाच हा आगाऊ नमुना मानावयास हरकत नाही.

१७७३ हे वर्ष या चरित्रात विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी वुस्टर येथील डॉ. विल्यम पेन याने लोइस ऑर्न हिच्याशी विवाह ठरला असता ४५ वस्तूंचा चांदीचा संच रिव्हिअरकडून घडवून घेतला. त्याच्या दुकानाला एका गिऱ्हाइकाकडून मिळालेले हे सर्वांत मोठे काम. पेन हा राजनिष्ठ पक्षाचा. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या कारागिराने राजाच्या पक्षपात्यासाठी चहा-कॉफीच्या किटल्या, पेले आणि चमचे घडविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चहाच्या पेट्या बॉस्टनच्या बंदरात बुडाल्या. हा चहा चीनचा होता, पण तो पाठविणारी ईस्ट इंडिया कंपनी बंगालवर सत्ता गाजवीत होती. बंगालचा १७७० चा दुष्काळ आणि पाठोपाठ आलेली आर्थिक आपत्ती यांनी कंपनी डबघाईस आली होती. तिला सावरण्यासाठीच पार्लमेंटने १७७३ चा चहाविषयक कायदा केला होता. २९ नोव्हेंबरच्या रात्री जहाजांवर पहारा ठेवणाऱ्यांत रिव्हिअर होता. १६ डिसेंबरला ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या गेल्या आणि लगोलग ही बातमी घेऊन तो न्यूयॉर्ककडे निघाला. गिऱ्हाइकांच्या याद्या आणि राजकीय निष्ठा यांची सरळ सांगड घालता येत नाही, ही गोष्ट रोजवही वाचणाऱ्याच्या ध्यानी येते. काव्य वाचणाऱ्याच्या ध्यानी ती येण्याचा संभव कमी.

अशा निरोप्याच्या फेऱ्या त्याने अनेक केल्या आणि तो त्यांचा मोबदला घेत असे. १७७५ मध्ये सादर केलेल्या अशा एका बिलात त्याने दिवसाला ५ शिलिंग आकारले होते. प्रांतिक शासनाने त्यांतील एक शिलिंग कापून ४ मंजूर केले. देशप्रीतीला यामुळे उणेपणा येतो असे समजण्याचे कारण नाही. दुकान बंद ठेवून रपेट करणाऱ्या, मोठ्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाचा हा सरळ हिशेब आहे.

१८ एप्रिल १७७५ ची रात्र या फेऱ्यांच्या मालिकेतच बसते. डॉ. वॉरनने रिव्हिअर आणि विल्यम डॉझ या दोघांना वेगवेगळ्या वाटांनी लेक्सिंग्टनकडे धाडले. फौज जमिनीवरून निघाली तर एक आणि पाण्यावरून निघाली तर दोन कंदील दाखवावेत, अशी योजना रिव्हिअरने दोन दिवस आधीच चार्ल्सटाउनच्या मंडळींशी ठरविली होती. हे कंदील त्याच्यासाठी नसून त्यानेच इतरांसाठी लावविले होते. तो नावेने नदी ओलांडून मागून घेतलेल्या घोड्यावर बसला, मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला पोहोचला आणि जॉन हँकॉक व सॅम्युएल ॲडम्स यांना त्याने सावध केले. पुढे काँकर्डच्या वाटेवर लिंकन येथे ब्रिटिश गस्तीने त्याला पकडले. काँकर्डला वर्दी पोहोचली ती वाटेत येऊन मिळालेल्या डॉ. सॅम्युएल प्रेस्कॉट याच्याकडून. रिव्हिअरचा घोडा काढून घेण्यात आला आणि तो पायी लेक्सिंग्टनला परतला.

६

युद्धाच्या काळात रोजवहीतील चांदीच्या नोंदी थांबतात. या वर्षांत त्याने मॅसॅच्युसेट्सच्या कागदी चलनाचे ठसे कोरले, कँटन येथे दारूगोळ्याची गिरणी उभारण्यास साहाय्य केले आणि तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. १७७९ च्या पेनॉबस्कॉट मोहिमेत अमेरिकन आरमाराचा पुरता विध्वंस झाला. आज्ञाभंग व भीरुता हे आरोप रिव्हिअरवर आले. त्याने स्वतःच लष्करी न्यायालयाकडे चौकशीची मागणी लावून धरली आणि १७८२ साली तो निर्दोष ठरला. या मोहिमेत त्याच्याशी ज्याचा खटका उडाला आणि ज्याने त्याला अटकेची धमकी दिली तो सेनानी पेलेग वॉड्सवर्थ, म्हणजे कवी लाँगफेलोचा मातामह. आजोबांच्या लेखी बेशिस्त ठरलेला अधिकारी नातवाच्या काव्यात राष्ट्रपुरुष झाला.

शांतता झाल्यावर रिव्हिअरने इंग्लंडमधून आलेल्या तयार मालाचे दुकान काढले. ज्या मालावर बहिष्कार घालण्यासाठी तो झगडला, तोच आता त्याच्या फळ्यांवर विक्रीसाठी मांडला गेला. पण यात तो फार रमला नाही. १७८५ च्या सुमारास त्याने चांदीचा पत्रा लाटण्याचे यंत्र दुकानात आणले. या एका हत्याराने धंद्याचे रूप पालटले. पूर्वी तबकडीपासून घावाघावाने घडविला जाणारा किटलीचा पोकळ भाग आता तयार पत्रा वळवून व सांधून करता येऊ लागला. त्याच्या पुढील काळातील उभट, पन्हळीदार किटल्यांचा घाट या यंत्राच्या सोयीतूनच निघाला आहे. आकार हा केवळ अभिरुचीचा विषय नसून हत्याराचाही विषय असतो, हे येथे स्पष्ट दिसते. माल वाढला, चमच्यांचे उत्पादन वाढले आणि चांदीच्या दुकानाचा कारभार हळूहळू थोरल्या मुलाकडे गेला.

१७८८ मध्ये रिव्हिअरने लोखंडाची ओतशाळा काढली. १७९२ पासून तो घंटा ओतू लागला. पहिल्या घंटेचा नाद फारसा चांगला नव्हता, पण प्रयोग चालू राहिले. किशोरवयात दुसऱ्यांच्या घंटा वाजविणारा हा माणूस उतारवयात घंटा घडवू लागला. १८१६ साली त्याच्या ओतशाळेतून बाहेर पडलेली किंग्ज चॅपलची घंटा २,४३७ पौंड वजनाची आहे. जहाजांना लागणारे तांब्याचे खिळे तो करू लागला होता. जहाजाच्या तळाला ठोकावयाचा तांब्याचा पत्रा मात्र इंग्लंडमधून मागवावा लागे. वयाची पासष्टी उलटलेल्या रिव्हिअरने स्वतःची पुंजी आणि संघराज्य शासनाचे १०,००० डॉलरचे कर्ज यांच्या आधारे १८०१ साली कँटन येथे तांबे लाटण्याचा कारखाना सुरू केला. १८०२ साली बॉस्टनच्या विधिमंडळभवनाच्या घुमटावर आणि १८०३ साली कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेच्या तळावर त्याच्या कारखान्याचा पत्रा बसला. वसाहतीच्या बंधनांतून मुक्त होणे म्हणजे काय, याचे उत्तर या पत्र्यात सापडते. १७९५ साली स्थापन झालेल्या मॅसॅच्युसेट्समधील कारागिरांच्या साहाय्यकारी संस्थेचा तो पहिला अध्यक्ष होता. १८११ साली तो कामातून निवृत्त झाला आणि १० मे १८१८ रोजी बॉस्टनमध्ये वारला.

७

लाँगफेलोने एप्रिल १८६० मध्ये ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्याला भेट दिली आणि त्याच वर्षी काव्य लिहिले. डिसेंबरात ते मासिकातून वाचकांच्या हाती आले तेव्हा साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघत होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश दुभंगत असताना एकट्या माणसाच्या हाकेने जागा होणारा समाज कवीला दाखवावयाचा होता. रिव्हिअरने त्या रात्रीचा वृत्तान्त जेरेमी बेल्नॅप या इतिहासकाराला स्वतः लिहून दिला होता आणि तो छापलाही गेला होता. तरी काव्यात डॉझ व प्रेस्कॉट नाहीत, पकडले जाणे नाही आणि नायक थेट काँकर्डला पोहोचतो. कवीने घेतलेल्या या स्वातंत्र्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. एस्थर फोर्ब्स हिचे १९४२ चे चरित्र आणि डेव्हिड हॅकेट फिशर याचा १९९४ चा ग्रंथ यांनी त्या रात्रीचे चित्र बरेचसे दुरुस्त केले आहे. काव्याने तपशील बदलले यापेक्षा त्याने व्यवसाय वगळला, ही बाब प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाची वाटते.

मराठी वाचकाला येथे नामदेवकालीन वारकरी संत नरहरी सोनार यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, हातोडा, कातर आणि ताजवा ही सोनाराची हत्यारेच परमार्थाची परिभाषा होतात. तेथे कारागीर स्वतः कवी आहे. म्हणून भक्ती सांगताना त्याला धंदा दूर सारावा लागत नाही. वारकरी परंपरेतील इतर संतांच्या रचनांतही मळा, माती आणि वस्तरा यांना असेच स्थान मिळाले आहे. रिव्हिअरच्या बाबतीत कवी वेगळा आणि कारागीर वेगळा होता. हार्वर्डमध्ये अध्यापन केलेल्या कवीला रिव्हिअरच्या आयुष्यातून घोडा, कंदील आणि अंधार उचलावासा वाटला; ऐरण उचलावीशी वाटली नाही. या दोन परंपरांची पूर्ण तुलना करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु श्रमाला काव्यात जागा मिळणे हे बऱ्याच अंशी लिहिणारा कोण आहे यावर अवलंबून असते, एवढा निष्कर्ष काढता येतो.

रोजवहीलाही मर्यादा आहेत, हे सांगणे आवश्यक आहे. आडनावाचा ठसा असलेल्या प्रत्येक वस्तूवर रिव्हिअरचाच हात फिरला असे नाही. धाकटा भाऊ टॉमस, मुलगा पॉल, उमेदवार मुले आणि रोजंदारीचे कारागीर यांनी भाते हाकले, पत्रे ठोकले, चमचे घासले. त्यांच्या घावांवरही एकच नाव उमटले. पित्याच्या मृत्यूनंतर दुकान टिकवून धरणाऱ्या आईचे नाव कोणत्याही भांड्यावर नाही. पेलमच्या चित्रावर रिव्हिअरचे नाव चढले, रिव्हिअरच्या आयुष्यावर स्वाराची प्रतिमा चढली, आणि त्याच्या दुकानातील अनामिकांवर तर काहीच चढले नाही. कारागिराचे चरित्र लिहिणाऱ्याला म्हणूनच ठशाच्या पलीकडे वजन आणि घडणावळ यांचे रकाने वाचावे लागतात. भारतीय भाषांत अद्याप ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत असे सोनार, तांबट आणि कासार असंख्य आहेत. त्यांच्या वह्या, करार आणि हत्यारे जेथे उपलब्ध असतील तेथे त्यांना वाङ्मयीन साधनांचा दर्जा देणे, हे काम आपल्यापुढे आहे.